अकरा पाउणे सव्वाआठ

(बचत गटाच्या महिलांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात दिलेलं भाषण)

भाकरी थापता थापता ऐकत असाल, कापसाच्या वाती वळत ऐकत असाल, नाहीतर गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून रेडिओभोवती बसला असाल.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गोदाकाठच्या गावची. आमच्या गटाची मी सचिव आहे. आज मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही, शेळीपालनाबद्दलही नाही. आमच्या गटातल्या चौदाजणी मागच्या माघ महिन्यात कोकणात गेलो होतो. तिथं श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर म्हणून समुद्राकाठी देवस्थान आहे. त्या देवाची प्रदक्षिणा देवळाभोवती नसते, अख्ख्या डोंगराभोवती असते. अर्धी वाट डोंगरावरून आणि अर्धी समुद्राच्या कडेनं, खडकावरून. ती प्रदक्षिणा आम्ही कशी केली, आणि पहिल्या दिवशी ती करता करता माझ्या हातून केवढी मोठी चूक होणार होती, ते सांगायला मी आले आहे.

आधी जाण्याचं कसं जमलं ते सांगते, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचाराल. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. दर बैठकीला बचतीचे पैसे झाले की वेगळ्या डब्यात प्रत्येकीनं दोनशे रुपये टाकायचे, असं अकरा महिने केलं. एकीला एका महिन्यात जमलं नाही तर पुढच्या महिन्यात टाकायची मुभा होती. एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३ पासून आहेच, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. परभणीहून नांदेड-पनवेल गाडीनं रात्रभर प्रवास करून पनवेल, तिथून एसटीनं माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बरोबर होतं. माणगावच्या पुढं घाटातली वळणं सुरू झाली तशा आमच्यातल्या चौघी-पाचजणींनी खिडकीतून डोकी बाहेर काढली ती श्रीवर्धनलाच आत घेतली. आपल्याकडं रस्ता कसा सरळ असतो, वळणाची सवयच नाही.

घरी काय काय ऐकावं लागलं ते सगळींचं सारखंच. "आता तुम्हाला डोंगर चढायचाय का?" "गुडघे दुखतात म्हणून रडता आणि प्रदक्षिणा कसली?" म्हणून आम्ही एक केलं. जायच्या आधी महिनाभर रोज पहाटे नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत दम लागला. महिन्याअखेर दहा फेऱ्या व्हायला लागल्या. गावातली माणसं हसायची. पण आमच्यातल्या तिघींचे गुडघे त्या महिन्यात बरेच मोकळे झाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी.

आमच्यात सगळ्यात थोरली म्हणजे मोठी माय. सगळं गाव तिला मोठी माय म्हणतं. सत्तरी कधीच पार झाली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, गटाच्या रजिस्टरवर अजून अंगठा उठवते. गोदावरीशिवाय मोठं पाणी तिनं कधी बघितलं नव्हतं. एसटीतून समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळ्या ओरडल्या, ही मात्र गप्प. थोड्या वेळानं मला विचारते, "पोरी, आपली गंगा इथंच येती का?"

मी म्हटलं, "नाही गं माय. आपली गंगा उगवते नाशिककडं, त्र्यंबकेश्वरला. तिथून हा समुद्र जवळच आहे, पण ती इकडं वळतच नाही. आपल्या दारावरून, नांदेडवरून पार आंध्रात जाते आणि पलीकडच्या समुद्राला मिळते. इथं जवळ मिळते ती सावित्री, महाबळेश्वरहून येणारी."

मोठी माय म्हणाली, "जवळचं सोडून लांब गेली म्हणून तर आपल्याला पाणी मिळालं."

आम्ही हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. राहायची सोय एका घरी होती. तिथल्या बायका घरगुती जेवण आणि खोल्या देतात. नारळी-सुपारीच्या वाडीतलं कौलारू घर. घरमालकीण ताईंनी सामान आत घ्यायला सांगितलं, चहा ठेवला. पण माझ्या डोक्यात हिशेब चालला होता. परवा सकाळी निघायचं. उद्या श्रीवर्धनचा बाजार, सुपारीची खरेदी, एका गटाची भेट. मग प्रदक्षिणा आजच उरकून घ्यावी. मी सगळ्यांना घाई केली. चहा अर्धा टाकून निघालो. ताई आत चुलीपाशी होत्या, त्यांना विचारलंसुद्धा नाही. ही पहिली चूक.

तिथली रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. आम्ही दर्शन केलं आणि देवळामागच्या पायऱ्यांनी डोंगर चढायला लागलो. वाटेला लागतानाच पाटी आहे. भरतीच्या वेळी प्रदक्षिणेला जाऊ नये, जीवाला धोका आहे, अशा अर्थाचं लिहिलेलं. चौदाजणींत वाचता येणाऱ्या आम्ही नऊ. मी ती पाटी वाचली. वाचून पुढं गेले. मला वाटलं, देवाच्या वाटेवर अशा पाट्या असतातच. ही दुसरी चूक.

चढ फार नाही. घाटाच्या पायऱ्यांची सवय कामी आली. वर गेलं की वाट उतरायला लागते, आणि तिथंच ती जागा आहे जी मी जन्मात विसरणार नाही. डोंगराला उभी चीर पडल्यासारखी दोन बाजूंना काळ्या कातळाच्या उंच भिंती आणि मधून अरुंद, खड्या पायऱ्या खाली जातात. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील असं वाटतं. वर आभाळाची पट्टी आणि खाली, अगदी टोकाला, नुसता समुद्र. वारा त्या चिरेतून असा घुसतो की पदर अंगावर राहत नाही. आम्ही पदर खोचले आणि एकामागं एक उतरायला लागलो. मी पुढं. चिरेत खालून गडगडल्यासारखा आवाज येत होता.

खालच्या पायऱ्यांवर पोचले तर खडक ओले होते. लाट यायची, फेस पसरायचा, परत जायची. ती परत गेली की पुढं चालायची काळी फरशी दिसायची. मला वाटलं, दोन लाटांच्या मध्ये पटकन पुढं व्हायचं. मी वळून म्हटलं, "चला, एकेक करून."

मोठी माय मधल्या पायरीवर खाली बसली. नुसती बसली. म्हणाली, "मी येत नाही."

मी म्हटलं, "अगं माय, एवढ्या लांब आलो, चार पावलांसाठी?"

"पाणी चढायलंय."

"तुला काय माहीत? तू आजच तर समुद्र बघितलास."

"नदीचा पूर बघितलाय मी. मघाशी त्या पायरीवर पाणी नव्हतं, आता हाय. मी येत नाही, आन माझ्या मागं हायत त्यांनाबी जाऊ देत नाही."

वाट अरुंद, ती मध्ये बसलेली. तिच्या मागं अकराजणी अडकल्या. पुढं मी आणि आमच्या शेजारची एक. खरं सांगते, मला राग आला. चारचौघींत सचिवाचं ऐकायचं नाही म्हणजे काय? मी एकटी दोन पायऱ्या आणखी खाली उतरले, दाखवायला की काही होत नाही. आणि तेवढ्यात जी लाट आली ती बाकीच्यांसारखी नव्हती. गुडघ्याच्या वर पाणी आलं. मी भिंतीला चिकटले म्हणून राहिले. परत जाताना पाण्यानं पायातून एक चप्पल ओढून नेली. किती जोर असतो हो त्या परतीच्या पाण्याला. आपण ओढ्यात उभ्या राहिलो की पायाखालची वाळू सरकते ना, तसं, पण दहा माणसांनी पाय धरून ओढल्यासारखं. आणि जिथं मी सगळ्यांना "चला" म्हणत होते ती फरशी मला पुन्हा दिसलीच नाही.

कुणी काही बोललं नाही. शेजारणीनं माझा हात धरला आणि आम्ही वर आलो. मी एका पायात चप्पल घालून.

संध्याकाळी घरमालकीण ताईंना कळलं तशा त्या माझ्यावर चिडल्याच. आणि बरोबरच होतं. या वाटेवर आधी लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. पाटी उगीच लावलेली नाही. मग त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून समजावून सांगितलं. ते मी तुम्हाला नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी कोकणात देवाला जाणारच आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरती पूर्ण झाली की साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, मग परत तेवढ्याच वेळानं भरती. हे चालतं मुख्यतः चंद्राच्या ओढीनं. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तास उशिरा येते. म्हणून तिथले कोळी घड्याळाच्या आधी तिथी बघतात. त्यांचा हिशेब असा आहे: त्या दिवशीची तिथी घ्यायची, शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती.

ताईंनी विचारलं, "आज कोणती तिथी?" आम्हा शिकलेल्यांपैकी एकीलाही सांगता येईना. मोबाइल काढेपर्यंत मोठी माय म्हणाली, "दशमी. उद्या एकादशी हाय, माझा उपास हाय."

ताई म्हणाल्या, "मग दहाची पाऊणपट किती?"

आणि मोठी माय, अंगठा उठवणारी मोठी माय, पटकन म्हणते, "दहा पाउणे साडेसात."

आम्ही बघतच राहिलो. "तुला पाऊणकी येते?" तर म्हणाली, भाऊ शाळेत जायचा, ओसरीवर बसून पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचा. ही आत जात्यावर दळायची. दळता दळता पाठ झालं. त्याला पुढं कधी आठवलं नाही, हिच्या डोक्यात साठ वर्षं राहिलं. शेतमाल विकताना व्यापाऱ्याचा हिशेब ती कशी काय पकडते याचं कोडं मला त्या दिवशी सुटलं.

तर दशमीला सकाळी साडेसातला भरती, त्यानंतर दुपारी पावणेदोनच्या सुमाराला ओहोटी, आणि परत रात्री आठकडं भरती. आम्ही साडेचारला चिरेत उतरत होतो, म्हणजे पाणी चढणीला लागून पावणेतीन तास झाले होते. ओहोटी आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात झपाट्यानं चढतं, असं ताई म्हणाल्या. आम्ही नेमक्या त्याच वेळी गेलो होतो.

"आता उद्याचं सांगा," ताई म्हणाल्या.

"अकरा पाउणे सव्वाआठ," मोठी माय म्हणाली. म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमाराला.

ताईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा भरती लहान. पण लहान असली तरी भरती ती भरतीच. आणि पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. म्हणून आकडा काढून झाला तरी त्या दिवशी गावातल्या माणसाला विचारूनच जायचं. पावसाळ्यात तर कोणतीही तिथी असो, त्या वाटेला जायचंच नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बैठक घेतली. रजिस्टर नव्हतं, पण बैठकच. मी म्हटलं, चूक माझी झाली. पाटी वाचली होती, वाचून गेले. मोठी माय बसली नसती तर तुम्ही सगळ्या माझ्या मागं उतरला असता. हे बोलताना मला फार जड गेलं. एकजण म्हणाली, मला वरच भीती वाटत होती, पण सगळ्या चालल्यात म्हणून बोलले नाही. मग दुसरी म्हणाली, मलाही. मोजलं तर सहाजणी निघाल्या. सहाजणींना भीती वाटत होती आणि बोलली एकच.

तिथं आम्ही एक नियम केला. वाटेत एकीनं जरी "थांबा" म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. उपासवाल्या पाचजणी. ताईंनी सांगितलं, उन्हात चालायचंय, कोरडा उपास करू नका. शहाळ्याचं पाणी, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन निघा. मोठी माय कुरकुरली, पण शहाळं प्यायली. गोळ्यावाल्या दोघींनी बीपीच्या गोळ्या घेतल्या. मला ताईंनी त्यांचे जुने पट्ट्यांचे सँडल दिले. बाजार, सुपारी, भेट सगळं सकाळी उरकलं आणि एकला पायऱ्या चढायला लागलो. ओहोटी अडीचला, म्हणजे आम्ही खाली असताना पाणी आणखी मागंच जात राहणार. ही गोष्ट लक्षात ठेवा: ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी उतरायचं, नंतर नाही.

चालायची रीतही बदलली. सगळ्यात हळू चालणारी पुढं, म्हणजे मोठी माय. तिच्या चालीनं सगळ्या. सगळ्यात मागं आमची तरणी सून, जिला दम लागत नाही. तिचं काम एकच, मागं कुणी राहत नाही ना ते बघायचं. दर वळणावर चौदा मोजायच्या. फोटो काढायचा तर चालताना नाही. थांबून, समुद्राकडं पाठ न करता.

त्याच चिरेतून उतरलो. कालच्याच पायऱ्या, पण खाली गडगडाट नव्हता. पाणी पार लांब गेलेलं. जिथं काल लाट माझ्या गुडघ्यावर आली होती तिथं कोरडा खडक होता आणि त्यावर छोटे खेकडे पळत होते. बाहेर आलो आणि सगळ्या थांबलो. डाव्या-उजव्या हाताला डोंगराचा काळा कडा आणि त्याच्या अंगावर जाळीच जाळी. मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं, कुठं वाटीएवढी, कुठं रांजणाएवढी. कुणी कोरलेली नाहीत. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आतलं मीठ फुगतं आणि दगडाचे कण सुटतात. आपल्या मातीच्या भिंतीला खार फुटून पोपडे पडतात ना, तेच. इथं ते हजारो वर्षं चाललंय.

आणि दगडसुद्धा आपलाच हो. जवळजवळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला आणि थरावर थर साचला, त्याचा हा काळा पाषाण झाला. सह्याद्री त्याचाच, जिंतूरचे डोंगर त्याचेच, आणि तो झिजून जी माती झाली ती आपली कापसाची काळी जमीन. मी हे सांगितलं तर मोठी मायनं कड्याला हात लावला आणि म्हणाली, "म्हणजे हे आपलं रान माती व्हायच्या आधीचं."

पुढं खडकावरून चालताना तीर्थं लागतात, पाण्याची कुंडं लागतात. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय द्यायचा नाही, खरबरीत काळ्या दगडावरच द्यायचा. दोन ठिकाणी खडकांतल्या फटी ओलांडाव्या लागतात. तिथं हात धरून साखळी केली. एका ठिकाणी मधल्या एकीला घेरी आल्यासारखं झालं. ती म्हणाली, "थांबा." आम्ही थांबलो. सावलीत बसवलं, गुळाचा खडा दिला, पाणी दिलं. दहा मिनिटांनी ती आपणहून उठली. आदल्या दिवशी ती काही बोलली नसती, हे तिनंच नंतर सांगितलं.

डोंगराला वळसा घालून पुन्हा देवळाच्या बाजूला वाळूवर आलो तेव्हा पावणेतीन झाले होते. तरण्या माणसाला एवढा वेळ लागणार नाही. आम्हाला घाई नव्हती. चौदा मोजल्या. काळभैरवाचं दर्शन घेतलं. मग मोठी माय वाळूवर फतकल मारून बसली आणि लाटा मोजत राहिली. पाणी वळलं, पुढं यायला लागलं, तसं तिनं एक काटकी वाळूत रोवली. काटकी बुडाली तेव्हाच उठली.

मैत्रिणींनो, तो नियम आम्ही गावी आल्यावरही ठेवला. मागच्या महिन्यात एका मोठ्या कर्जावर सगळ्या हो म्हणत होत्या. मी विचारलं, कुणाला "थांबा" म्हणायचंय का? कोपऱ्यातून एक हात वर आला. आम्ही थांबलो, तिचं ऐकलं, रक्कम निम्मी केली. आणि मोठी मायला आता गटाच्या पोरींनी कामाला लावलंय. दर शनिवारी ओसरीवर ती पाऊणकी शिकवते. तिच्यापुढं बसलेल्यांत मीही असते. माझी बारापर्यंत झाली आहे.

तुमच्या गटातून कुणी कोकणात जाणार असाल तर हा हिशेब लिहून ठेवा. चतुर्थीला तीन वाजता भरती, सव्वानऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, सव्वाबाराला ओहोटी. एकादशीचं तर तुम्हाला पाठच झालं असेल. आणि तिथं पोचलात की चहा पूर्ण प्या आणि घरातल्या बाईला विचारा.

रामराम.